सात चुकांचा कागद

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी आईवडिलांच्याही आधी विमल साळवे बाईंचं नाव घेतो. आईवडिलांना त्याचं वाईट वाटत नाही. तेही हेच नाव घेतील.

जिंतूरला बसस्थानकामागे बाईंची टंकलेखन संस्था होती. पत्र्याची एक लांब खोली, अकरा टाइपरायटर आणि नंतर आलेले दोन संगणक. माझे वडील धान्याच्या मोंढ्यात हमाली करतात, आई दुसऱ्यांच्या रानात जाते. बारावीनंतर मी तिथे टायपिंग शिकायला लागलो आणि संगणकापाशीच रेंगाळतोय हे बाईंनी पाहिलं. संस्था सहाला बंद व्हायची. त्यानंतर दोन तास त्या स्वेटर विणत बसायच्या आणि मी संगणकावर. त्यांचं विणकाम कधी पुरं झालेलं मी पाहिलं नाही. त्या माझ्यासाठी थांबत होत्या हे मला फार उशिरा कळलं. बीसीएचा अर्ज त्यांनीच भरला. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर.

बाईंची एक सवय सांगायला हवी, कारण पुढचा सगळा प्रवास तिच्याभोवती फिरतो. त्यांच्या टेबलाच्या खणात टाइप केलेल्या कागदांचा एक गठ्ठा असे. प्रत्येक कागदात त्यांनी मुद्दाम सात चुका करून ठेवलेल्या. विद्यार्थ्यांचे पेपर तपासायला घेण्याआधी त्या रोज गठ्ठ्यातला हाताला येईल तो कागद काढून वाचायच्या. सातही चुका सापडल्या तर लाल पेन्सिल उचलायची. सहाच सापडल्या तर तोंडावर पाणी मारून, चहा घेऊन, दुसरा कागद. आधी स्वतःचे डोळे तपासायचे, मग पोरांचे पेपर.

हे मला तेव्हा माहीत नव्हतं; बाईंनी ते फार नंतर सांगितलं. एका दिवाळीच्या सुट्टीत तो गठ्ठा माझ्या हाती लागला. बाईंच्या कागदात एवढ्या चुका! मी दोन दिवस बसून सगळे कागद नव्याने शुद्ध टाइप केले आणि पाडव्याला त्यांच्या टेबलावर ठेवले. जुने फाडून टाकले. बाईंनी एकेक कागद पाहिला, चष्मा काढला आणि हसत म्हणाल्या, "आता माझे डोळे कोण तपासणार रे?"

मीही हसलो. मला वाटलं, त्या माझं कौतुक करतायत.

आता माझ्या कामाबद्दल. मी सॉफ्टवेअर तपासतो. म्हणजे तपासणी करणारे छोटे छोटे प्रोग्रॅम लिहितो. ते रोज आपोआप चालतात आणि सकाळी पडद्यावर प्रत्येक चाचणीपुढे हिरवी किंवा लाल खूण येते. हिरवी म्हणजे ठीक, लाल म्हणजे बिघाड. आमची कंपनी लशींच्या फ्रीजवर लक्ष ठेवणारी यंत्रणा बनवते. फ्रीजचं तापमान वाढलं की आरोग्य केंद्रातल्या माणसाच्या फोनवर संदेश जातो. तो जातो की नाही हे तपासणाऱ्या तीनशे बारा चाचण्या मी दोन वर्षांत लिहिल्या. त्या रोज हिरव्या असत. त्यांच्या जोरावर जानेवारीत मला कायम करणार होते.

मी जिंतूरच्या घरातूनच काम करतो. सहकारी म्हणजे पडद्यावरची नावं. या कामाबद्दल समोरासमोर बसून मी दोन वर्षांत एकाही माणसाशी बोललो नव्हतो. आई विचारते, "आज काय केलास?" मी म्हणतो, "सगळं हिरवं आहे." वडील भाकरी मोडता मोडता म्हणतात, "म्हंजे औंदा पाऊस तुझ्याच रानात झाला म्हन की." आम्ही तिघं हसतो आणि तो विषय तिथेच संपतो.

म्हणून मावळातल्या एका गटाबद्दल वाचलं तेव्हा मला राहवलं नाही. हिंजवडीत, तळेगावात नोकऱ्या करणारी आणि मावळात राहणारी काही मंडळी महिन्यातून एकदा जमून फक्त चाचण्यांबद्दल बोलतात. हिवाळ्यात दोन दिवसांचं मोठं जमणं असतं. मी पत्र लिहिलं. गट चालवणाऱ्या रोहिणी ओव्हाळ यांचं उत्तर आलं: "शनिवारी ऐका, रविवारी तुम्ही बोला. खोलीची सोय करते."

ते उत्तर मी आईला वाचून दाखवलं. तिने लाडू केले.

शुक्रवार, वडगाव

पुण्याहून लोकल निघाली आणि देहू रोडच्या पुढे डोंगर जवळ यायला लागले. आमच्याकडे डोंगर बघायचा तर मुद्दाम जावं लागतं. इथे तो प्रत्येक खिडकीत होता. भात नुकतं कापलेलं. खाचरांत धसकटं, बांधावर पेंढ्यांचे भारे, आणि हवेत ओल्या गवताचा गोडसर वास. आमची कापूस वेचलेली काळी रानं आठवली आणि तासाभरातच मी फार लांब आल्यासारखं वाटलं.

वडगाव तालुक्याचं गाव. लॉज बसथांब्याजवळ. पिशवी टाकून मी तहसील कचेरीपर्यंत चालत गेलो, कारण दुसरं कुठे जावं कळेना. कचेरीबाहेर ताडपत्रीखाली टंकलेखक ओळीने बसलेले होते. प्रतिज्ञापत्रं, अर्ज, वारसनोंदी. आता सगळ्यांपुढे संगणक आणि प्रिंटर, पण एकाने जुना टाइपरायटरही मांडून ठेवला होता. मी तिथे इतका वेळ उभा राहिलो की त्याने विचारलं, "काय दाखला पायजे?"

"काही नको. हे यंत्र चालतं का बघत होतो."

"चालतंय की. लाइट गेली की त्येचंच राज्य." त्याने दुसऱ्या खुर्चीवरची पिशवी काढली. "बसा. कुटनं आलाव?"

त्यांचं नाव सोपानभाऊ. परभणी जिल्हा म्हटल्यावर ते म्हणाले, "लय लांब. काय काम काढलं?" मी सांगू लागलो. दोन वाक्यांतच एक आजोबा सातबारा घेऊन आले आणि माझं सांगणं तिथेच राहिलं. तरी तासभर मी तिथेच बसलो. कळांचा आवाज ऐकत बसायला बरं वाटलं. त्या दिवशी मी याहून जास्त कुणाशी बोललो नाही.

शनिवार, वडगाव

कोर्टासमोर झेरॉक्सचं दुकान आहे, त्याच्या माडीवर बैठक होती. एरवी तिथे शिवणवर्ग भरतो. शिलाई मशीनं भिंतीला सरकवलेली, फरशीवर रंगीत कापडांचे कपटे आणि चौदा माणसं. मी इस्त्रीचा शर्ट, नवे चावणारे बूट आणि गळ्यात कंपनीचं ओळखपत्र घालून गेलो होतो. बाकी सगळे स्वेटरमध्ये, चपला जिन्यात काढलेल्या. मी ओळखपत्र हळूच खिशात घातलं.

आमच्याकडे कुणी बोलायला येणार म्हटलं की दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ आणि आभाराचं भाषण. इथे तन्मय नावाचा एक जण मांडी घालून बसला, लॅपटॉप उघडला आणि म्हणाला, "चालू करतो." त्याने गावच्या ग्रंथालयासाठी प्रोग्रॅम केला होता. पुस्तक पंधरा दिवसांत परत आलं नाही तर वाचकाला आठवण जाते. चाचण्या चालवल्या, सगळ्या हिरव्या. मी टाळी वाजवली. एकट्यानेच.

रोहिणीताई माझ्याकडे पाहून हसल्या. पस्तिशीच्या, तळेगावच्या कारखान्यात यंत्रांचं सॉफ्टवेअर तपासतात. "थांबा, अजून मोडणी व्हायचीय."

मोडणी ही या गटाची रीत. बोलणाऱ्याने लॅपटॉप दुसऱ्याच्या हाती द्यायचा. तो चालू प्रोग्रॅममधली एक ओळ मुद्दाम मोडतो. मग चाचण्या परत चालवायच्या. मोडलेलं चाचण्यांनी पकडलं पाहिजे, म्हणजे लाल खूण आली पाहिजे. कुठली चाचणी लाल होणार याचा अंदाज सगळ्यांनी आधी सांगायचा. ज्याचा चुकेल त्याने खालून चहा आणायचा.

रोहिणीताईंनी पंधराचे पन्नास दिवस केले. चाचण्या चालल्या. तीन हिरव्या, मग एक लाल. आणि खोलीत टाळ्या, शिट्ट्या.

"वाचलास रे!" कुणीतरी म्हणालं.

"वाचलो काय, त्या चाचणीने रडवलंय मला महिनाभर," तन्मय म्हणाला. "मिलिंद, अंदाज चुकला तुमचा. चौदा कटिंग. पाहुणे म्हणून सोडतो असं समजू नका."

मी चहा आणायला जिना उतरलो. लाल खुणेला टाळ्या वाजलेल्या मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकल्या होत्या. माझ्याकडे लाल आलं तर ओरडा बसायचा. आणि चौदा कटिंगची ऑर्डर देताना माझ्या लक्षात आलं की माझ्याकडे लाल कधी येतच नाही.

शनिवार दुपार, इंदुरी

रोहिणीताईंनी जेवायला माहेरी नेलं. स्कूटरवरून जाताना इंद्रायणी लागली, किल्ल्याचा बुरूज लागला. घर गावाच्या टोकाला. ओसरीत बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, आमच्या घरी आहेत तसेच शेजारी शेजारी. तो पाहून मला फार हायसं वाटलं.

रोहिणीताईंचे वडील रेल्वेतून निवृत्त झालेले. सगळे त्यांना आबा म्हणतात. जेवणात नव्या तांदळाचा वाफाळता भात, सुकटीची आमटी आणि तांदळाची भाकरी. आमच्याकडे भात सणाला. भाकरी ज्वारीची, हातावर जड. ही भाकरी रुमालासारखी मऊ. मी दोनच खाल्ल्या तर रोहिणीताईंच्या आई म्हणाल्या, "लाजू नको रं. शहरातल्या पोरांवानी काय खातूस?"

"मी शहरातला नाही, मावशी."

"मग तर तिसरी घेच."

आबांना मी विचारलं, नोकरी कुठे होती. त्यांनी ताट थोडं पुढे सरकवलं. "घाटात. खंडाळ्याच्या खाली. उतारावरची गाडी आमच्याकडं यायची तवा रूळ डोंगराकडं वळवून ठिवलेला असायचा. सरळ न्हाई. गाडी हितं थांबली, तरच सरळ रस्ता द्यायचा."

"आणि नाही थांबली तर?"

"मग ब्रेक गेलेत. चढ डोंगरावर, आपोआप थांबशील."

"रोज प्रत्येक गाडी?"

"परत्येक. डायवर माजा सोयरा असला तरी. एकदा माजा साडू व्हता इंजनात. खिडकीतनं वरडतोय, आवं, वळखलं न्हाई का? म्हटलं, वळखलं. थांब."

"पाच वर्सं झाली रिटायर हून," आई आतून म्हणाल्या, "आजून ह्येंची गाडी घाटातच. आमटी गार झाली ती बगा आदी."

सगळे हसले. मीही हसलो, पण माझं मन तिथे नव्हतं. मला लॉजवर जायचं होतं.

शनिवार संध्याकाळ, लॉज

खिडकीतून कोर्टाची भिंत आणि त्यावरचं शेवटचं ऊन दिसत होतं. मी लॅपटॉप उघडला आणि आमच्या यंत्रणेची एक ओळ मोडली. अगदी मधली, मुख्य ओळ: तापमान वाढलं तर संदेश पाठव. 'पाठव'च्या जागी 'पाठवू नकोस' केलं. चाचण्या चालवल्या.

तीनशे बारा हिरव्या.

मला वाटलं, मोडताना चुकलो. मग तापमान मोजणारा अख्खा भागच काढून टाकला. तीनशे बारा हिरव्या. खाली रस्त्यावर शेवपावाची गाडी लागली होती, माणसं हसत होती. मी परत चालवलं. हिरव्या.

कारण शोधायला दहा मिनिटं लागली. दोन वर्षांपूर्वी, नोकरीच्या पहिल्या महिन्यात, एक चाचणी फसली की पुढच्या सगळ्या थांबायच्या आणि सकाळी बोलणी बसायची. म्हणून मी चार ओळींचा एक तुकडा लिहिला होता: चूक आली तर नोंद करून ठेव आणि पुढे जा. पुढे जायचं ते जमलं. पण चूक आली हे वरपर्यंत सांगायचंच मी विसरलो. चाचणी फसली तरी ती 'झाली' म्हणून हिरवी. नोंदी एका फाइलमध्ये साठत होत्या, आणि त्या फाइलकडे दोन वर्षांत कुणीही गेलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

दोन वर्षं रोज मी आईला सांगत होतो, सगळं हिरवं आहे.

अशा वेळी माणूस कुणाला तरी फोन करतो. मी फोन हातात घेऊन यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. जे समजू शकले असते त्यांना सांगायची भीती होती, आणि ज्यांची भीती नव्हती त्यांना समजलं नसतं. बाईंना फोनवर आता ऐकू येत नाही. मी फोन ठेवला आणि आईचे लाडू खाल्ले, दोन.

मग मी एक गोष्ट केली ती सांगतो. पहाटे उठून मी फक्त दहा चाचण्या दुरुस्त केल्या. रविवारी ज्या दाखवणार होतो त्या दहा.

रविवार, कुसगाव

लोणावळ्याला लागून कुसगाव आहे. गटातल्या एकाच्या मामांचं तिथे हॉटेल आहे, त्याचा जेवणाचा हॉल दुपारपर्यंत आमचा. चाळीसेक माणसं. भिंतीवर धबधब्याचं मोठं चित्र, खिडकीबाहेर खरा डोंगर आणि मुंबईच्या गाड्यांची रांग. जिन्यात मीही बूट काढले.

मी चांगलं बोललो. लशीचा फ्रीज म्हणजे काय, गावात वीज जाते तेव्हा काय होतं, हे मला माहीत होतं आणि लोक मन लावून ऐकत होते. तन्मयने मान डोलावली. इतक्या माणसांनी माझं काम ऐकावं असं पूर्वी कधी झालं नव्हतं. ज्या गोष्टीसाठी मी साडेचारशे किलोमीटर आलो होतो ती घडत होती आणि मला तिचा आनंद घेता येत नव्हता.

मग मोडणी. लॅपटॉपशी रोहिणीताई बसल्या. मी त्यांच्यापुढे अशी फाइल उघडून ठेवली होती की मोडायला एकच ओळ सुचावी. त्यांनी तीच मोडली. मी दाखवायच्या दहाच चाचण्या चालवल्या.

आठ हिरव्या, दोन लाल.

टाळ्या सगळ्यांत आधी रोहिणीताईंनी वाजवल्या. मग पूर्ण हॉलने. कुणीतरी पाठीवर थाप मारली. तन्मय म्हणाला, "बघा, जिंतूरच्या पाहुण्याने लाल करून दाखवलं!"

जेवायला पिठलं, ठेचा, इंद्रायणी भात. मी ताट वाढून घेतलं आणि घास तोंडाशी नेऊन परत ठेवला. शेजारचे दोघं मला काहीतरी विचारत होते. मी उत्तरं देत होतो. आपण माणसांत बसून इतके एकटे असू शकतो हे मला लॉजच्या खोलीतही जाणवलं नव्हतं. तिथे निदान माझ्याबरोबर खरं तरी होतं.

रविवार, लोणावळा स्टेशन

रोहिणीताईंनी स्कूटरवरून स्टेशनला सोडलं. वाटेत त्यांनी एका दुकानापाशी गाडी थांबवली. "घरी काहीतरी न्या. चिक्की?"

"बाईंना चावणार नाही," मी म्हणालो. मग बाई कोण ते सांगावं लागलं. मी चॉकलेट फजचा डबा घेतला.

फलाटावर बाकावर बसल्यावर त्या म्हणाल्या, "जेवला नाहीस. बोललास इतकं छान, आणि तोंड असं?" त्या 'तू'वर आल्या होत्या. नेमक्या त्याच क्षणी.

मी सांगितलं. सगळं. फाइलपासून पहाटेपर्यंत. सांगताना समोरच्या रुळांवर एक मालगाडी येऊन उभी राहिली. तिच्या मागचं, घाट चढायला लावलेलं जादा इंजिन सोडवायला माणूस खाली उतरला.

रोहिणीताई म्हणाल्या, "पहिली टाळी मी वाजवली रे."

"माफ करा, ताई."

"माझं सोड. तू सांगितलं असतंस ना, की माझ्या सगळ्या खोट्या आहेत, तर लोक उठून उभे राहिले असते. तशी चूक त्या हॉलमध्ये निम्म्यांनी केलीय. मी केलीय." त्या उठल्या. "पण आता मला काय सांगतोस? फ्रीज माझे आहेत का?"

"जानेवारीत मला कायम करणार आहेत."

"मग?"

त्यांनी गळ्यातला स्कार्फ नीट केला, "पोचल्यावर कळव," म्हणाल्या आणि जिना चढून गेल्या. मागे वळल्या नाहीत. त्यांनी धीर द्यायला हवा होता असं तेव्हा वाटलं. आता तसं वाटत नाही.

वडगावची लोकल यायला वीस मिनिटं होती. मी अनघा मॅडमना फोन लावला. त्या माझ्या वरिष्ठ. मी त्यांना फक्त पडद्यावर पाहिलंय.

"मिलिंद? आज रविवार आहे."

"हो मॅडम. मॅडम, आपल्या चाचण्या खोट्या आहेत. म्हणजे माझ्या."

"किती?"

"सगळ्या. तीनशे बारा."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. कुणीतरी गॅस बंद केला.

"त्यातल्या खऱ्या किती आहेत आत्ता?"

"दहा. आज पहाटेपासून."

"दहाच का?"

तेही सांगितलं. ते सांगणं सगळ्यांत अवघड गेलं.

"हे मला तू सांगितलं नसतंस तर कळलं नसतं," त्या म्हणाल्या. हे त्या रागाने म्हणाल्या की कसं, ते मला आजही ठरवता येत नाही. मग म्हणाल्या, "उद्या नऊला सगळ्यांसमोर सांगायचं. जानेवारीचं मला आत्ता काही विचारू नकोस."

"नाही विचारत."

लोकल आली. जागा भरपूर होती. मी फजचा डबा मांडीवर घेऊन बसलो.

त्याच संध्याकाळी मी गटालाही लिहिलं. एकट्या तन्मयचं उत्तर आलं: "चौदा कटिंग परत तुमच्यावर. पुढच्या वेळी तीनशे बाराची मोडणी करू."

सोमवार, वडगाव

नऊ वाजता लॉजच्या खोलीतून मी पडद्यावरच्या अकरा नावांना सांगितलं. सव्वानऊला ते संपलं. पुढचे दोन तास मी चार ओळींचा तो तुकडा काढून सगळ्या चाचण्या परत चालवल्या आणि निकाल कळवला. गाडी दुपारची होती. साडेअकराला मी तहसीलबाहेर ताडपत्रीखाली गेलो.

"सोपानभाऊ, अर्धा तास टाइपरायटर द्याल का? एक कागद टाइप करायचाय. त्यात सात चुका करायच्यात."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "चुका करायच्यात? त्या तर आमी फुकटात करून देतो." तरी खुर्ची दिली. मी टाइप करत असताना ते मागून वाचत होते. तिसऱ्या ओळीला म्हणाले, "ही एक." पाचव्याला, "ही दुसरी." शेवटी म्हणाले, "सहाच हायत."

"सात आहेत, भाऊ."

"न्हाई." त्यांनी कागद हातात घेतला, परत वाचला, मग मोठ्यांदा हसले. "हां. हाय. लपीवली व्हय रं!"

तो कागद आणि सोबतचं पत्र मी वडगावच्याच टपालात टाकलं. फजचा डबा हातीच नेला. पत्र असं होतं:

आदरणीय बाई,

सा. न. वि. वि.

मी मावळात आलो आहे. प्रकृती चांगली आहे. इथला भात तुम्हाला आवडेल, मऊ असतो.

तुम्हाला आठवतं का, एका दिवाळीत मी तुमचा चुकांचा गठ्ठा शुद्ध करून टाकला होता? तुम्ही विचारलंत, आता माझे डोळे कोण तपासणार. मी हसलो होतो. बाई, तो प्रश्न मला परवा समजला. तोवर मी तेच काम दुसऱ्यांदा करून बसलो होतो. या वेळी पगार घेऊन, दोन वर्षं. माझ्या तपासण्यांना चूक दिसतच नव्हती, आणि चूक दिसत नाही म्हणजे चूक नाही, असं मी सगळ्यांना सांगत होतो. आईलासुद्धा.

आज ते दुरुस्त केलं तेव्हा तीन जागी लाल आलं. त्यातली एक चूक खरी होती. वीज जाऊन परत आली की फ्रीज थंड झाला का हे न पाहताच धोक्याचा संदेश बंद व्हायचा. असं किती ठिकाणी झालं, कुणाच्या दंडात तशी लस गेली का, हे मला कळायला मार्ग नाही. मी विचारून पाहिलं. कंपनीतले शोधतो म्हणाले आहेत. हे मी तुम्हाला लिहितो आहे कारण 'तुझा हेतू चांगला होता' असं तुम्ही म्हणणार नाही.

जानेवारीचं अजून नक्की नाही. वडिलांना मी सांगेन. तुम्ही आधी बोलू नका.

आणखी एक. चूक सापडल्यावर मी ती लगेच सांगितली नाही. आधी चाळीस माणसांकडून टाळ्या घेतल्या. हे तोंडाने सांगायला जमलं नसतं म्हणून लिहिलं.

तुमचे जुने कागद मी फाडले होते, ते परत येणार नाहीत. सोबत एक नवा पाठवतो आहे. टाइपरायटरवर केला आहे, तुम्हाला अक्षर दिसेल. मुद्दाम सात चुका केल्या आहेत. सात सापडल्या तर डोळे ठीक आहेत असं समजा, आणि मला एक कार्ड टाका.

आठवी सापडली तर ती माझी. तीही कळवा.

तुमचा विद्यार्थी,
मिलिंद